विश्लेषण : पहिल्यांदाच क्रूझवर जाताय? जहाज बंदरात नऊ तास, तुमच्या हातात तीन. फोटोंचे आणि फिरण्याचे गणित असे मांडा

येडशी (जि. धाराशिव) : येडशीहून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. मुंबईहून गोव्याचे मुरगाव बंदर समुद्रमार्गे पुन्हा तेवढेच, सुमारे ४०० किलोमीटर. पहिला टप्पा मराठवाड्यातल्या माणसाला पाठ आहे. कामासाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी तो अनेकदा पार केलेला असतो. दुसरा टप्पा मात्र आतापर्यंत फक्त मोबाइलच्या पडद्यावर दिसायचा. आता तोही आवाक्यात येतो आहे. सोयाबीनची काढणी उरकल्यावर आई-वडिलांना एकदा समुद्र दाखवून आणू, असा विचार गावाकडच्या घरांतही होऊ लागला आहे.

पण क्रूझची सहल नेहमीच्या सहलीसारखी नसते. इथे गाडी आपल्यासाठी थांबत नाही. कुठे किती वेळ मिळणार हे जहाज ठरवते आणि चांगला फोटो कधी मिळणार हे सूर्य ठरवतो. या दोन गोष्टी तिकीट काढण्याआधी समजून घेतल्या तर पैसे वसूल होतात. नाहीतर घरी परतल्यावर चारशे फोटोंमधला एकही फ्रेम करून लावावासा वाटत नाही.

थोडक्यात

- पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे
- नऊ तासांच्या मुक्कामात प्रत्यक्ष फिरायला उरतात सुमारे तीन तास
- एका बंदरावर एकच मुख्य ठिकाण ठरवा
- मुंबईचा चांगला फोटो निघताना नाही, परतताना मिळतो
- नौदलाची जहाजे आणि बंदरातील प्रतिबंधित भाग यांचे फोटो काढू नका

आताच चर्चा का?

मुंबईतील बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची या टर्मिनलची क्षमता आहे. तपासणी आणि नोंदणीसाठी ७२ काउंटर आहेत आणि एकाच वेळी पाच जहाजे लागू शकतात. त्याआधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप या मार्गांवर देशांतर्गत क्रूझ २०२१ पासून चालते. या मार्गावरचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले आहे. त्याची लांबी सुमारे २१० मीटर. म्हणजे रेल्वेचे नऊ डबे एकामागे एक उभे केले तर जेवढी लांबी होईल तेवढी.

येडशीहून जहाजापर्यंत पोहोचायचे कसे?

लातूर आणि बीदरहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या धाराशिवमार्गे धावतात आणि सकाळी सीएसएमटीला पोहोचतात. बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. सामान कमी असेल तर चालतही जाता येते.

मात्र एक पथ्य पाळा. जहाज दुपारी किंवा संध्याकाळी सुटणार असले तरी प्रवेशाची वेळ त्याच्या काही तास आधी संपते. गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तर रेल्वे प्रवासात आपण पुढची गाडी पकडतो. जहाजाला 'पुढची गाडी' नसते. त्यामुळे शक्य असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोहोचा. तो दिवस वाया जात नाही. २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेली सीएसएमटीची इमारत आणि गेटवे ऑफ इंडिया ही दोन्ही ठिकाणे टर्मिनलपासून जवळ आहेत. घारापुरीच्या लेण्यांचा बेत असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

देशांतर्गत क्रूझसाठी पासपोर्ट लागत नाही, पण प्रत्येकाचे मूळ सरकारी ओळखपत्र लागते. मुलांचेही. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच असल्याची खात्री करा. लक्षद्वीपसाठी वेगळा प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार की आपण काढायचा, हे बुकिंग करतानाच विचारा.

पावसाळ्यात क्रूझ का नसते?

जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. मोठी जहाजे बुडत नाहीत, पण डोलतात. बेटांजवळ छोट्या बोटीत उतरणे तर धोक्याचेच होते. पश्चिम किनाऱ्याला पावसाळी समुद्राचा धसका आहे तो उगीच नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक लोकांचा जीव गेला.

सर्वांत शांत समुद्र साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळतो. सोयाबीन निघालेले असते आणि उन्हाचा तडाखा सुरू झालेला नसतो, त्यामुळे आपल्या भागातल्या कुटुंबांनाही हा काळ सोयीचा.

ज्यांना बस लागते, त्यांना जहाजही लागू शकते. सी-सॉचा मधला भाग जसा सर्वांत कमी हलतो, तसेच जहाजाचे असते. पुढच्या आणि मागच्या टोकाला हालचाल जास्त, मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर कमी. वयस्कर प्रवासी सोबत असतील तर वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोलीपेक्षा मधल्या भागातली साधी खोली बरी. गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

तिकिटात काय येते, काय येत नाही?

साधारणपणे खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण, स्विमिंग पूल आणि बहुतेक कार्यक्रम तिकिटात धरलेले असतात. बंदरावरची सहल, वाय-फाय, मद्य, खास रेस्टॉरंट आणि स्पा यांचे पैसे वेगळे. कर, बंदर शुल्क आणि सेवा शुल्क जाहिरातीतल्या आकड्यात असतीलच असे नाही. त्यामुळे जाहिरातीतली 'पासून सुरू' ही रक्कम बाजूला ठेवा आणि सर्व शुल्कांसह शेवटची रक्कम लेखी मागा.

आणखी एक अट बारकाईने वाचा. हवामानामुळे एखादे बंदर रद्द झाले तर काय? बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. लक्षद्वीपला ही शक्यता जास्त असते. तिथे मोठे जहाज बेटाला लागत नाही. ते दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून नेले जाते. लाटा मोठ्या असतील तर उतरणे रद्द होऊ शकते.

नऊ तासांचे तीन तास कसे होतात?

समजा, जहाज सकाळी ८ वाजता मुरगावला लागले आणि संध्याकाळी ५ वाजता सुटणार आहे. कागदावर नऊ तास. आता वजाबाकी करा.

- सकाळी ८ ते ९ : रांग, तपासणी, बंदराबाहेर पडणे
- दुपारी ४ : जहाजावर परत येण्याची अंतिम वेळ (सुटण्याच्या साधारण तासभर आधी)
- दुपारी ३ : आपली स्वतःची अंतिम वेळ, वाहतूक कोंडीसाठी तासभर राखीव

उरले सकाळी ९ ते दुपारी ३, म्हणजे सहा तास. जुने गोवे मुरगावपासून तीसेक किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्याचे दोन तास धरा. जेवणाचा एक तास. हातात उरले तीन तास.

या तीन तासांत कळंगुट, पणजी, मंगेशी आणि जुने गोवे असे सगळे 'कव्हर' करण्याचा बेत म्हणजे दिवसभर टॅक्सीच्या काचेतून गोवा पाहणे. कळंगुट तर बंदरापासून ४५ ते ५० किलोमीटरवर आहे. त्यापेक्षा एकच ठिकाण निवडा.

- वारसा पाहायचा असेल तर : जुने गोवे. इथली चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. से कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेकडे असल्याने सकाळचे ऊन थेट त्यावर पडते. रविवारी प्रार्थना असतात, त्यामुळे पर्यटकांसाठीच्या वेळा आधी तपासा.
- देवदर्शन करायचे असेल तर : फोंडा तालुक्यातील मंगेशी.
- फक्त समुद्र आणि वाळू हवी असेल तर : बोगमाळो किनारा. तो वास्को भागातच असल्याने प्रवासाचा वेळ वाचतो.

कोचीलाही हेच सूत्र. जहाजे विलिंग्डन बेटावर लागतात. फोर्ट कोचीतील चिनी मासेमारीची जाळी, वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथे प्रथम पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च आणि मट्टनचेरीचा राजवाडा ही ठिकाणे एकमेकांच्या जवळ आहेत. एवढ्यावर थांबा. अलेप्पीच्या बॅकवॉटरचा मोह पुढच्या खेपेसाठी ठेवा. मट्टनचेरीतील १५६८ चे ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते. जहाज कोणत्या वारी लागणार, हे पाहूनच यादी करा.

गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांसाठी बंदरावर न उतरणे हाही चांगला पर्याय आहे. त्या दिवशी जहाज जवळपास रिकामे असते. डेकवर निवांत बसायला जागा मिळते आणि जेवणाला रांग नसते. उतरलेच पाहिजे, असा कुठेही नियम नाही.

उशीर झाला तर जहाज थांबते का?

नाही. जहाज बंदराबाहेर काढण्यासाठी स्थानिक वैमानिकासारखा एक 'पायलट' जहाजावर येतो, ओढणाऱ्या टग बोटी लागतात. त्यांची वेळ आधी ठरलेली असते. पुढच्या बंदरातली जागाही वेळेनुसार राखीव असते. काही ठिकाणी भरती-ओहोटीचे गणित असते. पंधरा मिनिटांच्या उशिराचा फटका पुढच्या संपूर्ण वेळापत्रकाला बसतो.

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी असेच मागे राहिले. ते स्वतंत्रपणे फिरायला गेले होते आणि वेळेत परतले नाहीत. जहाज निघून गेले. अनेक देशांतून प्रवास करत त्यांनी अखेर सेनेगलमध्ये जहाज गाठले.

कंपनीमार्फत घेतलेली सहल महाग असते, पण तिची बस अडकली तर जहाजाला ते माहीत असते. स्वतः टॅक्सी केली तर जबाबदारी आपली. म्हणून उतरताना तीन गोष्टी खिशात ठेवा : जहाजाचे प्रवेश कार्ड, मूळ ओळखपत्र आणि बंदरातील एजंटचा फोन नंबर. हा नंबर रोजच्या छापील वेळापत्रकावर बहुधा दिलेला असतो. त्या कागदाचा फोटो काढा. सहलीतला तो सर्वांत उपयोगी फोटो.

डावी बाजू की उजवी? इथेच फोटो ठरतो

मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेकडे असते. तोंडाच्या दिशेने पाहत उभे राहिलात तर डाव्या हाताला किनारा म्हणजे पूर्व आणि उजव्या हाताला खुला समुद्र म्हणजे पश्चिम. त्यामुळे जाताना सूर्योदय डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे. येताना नेमके उलट. बाल्कनीच्या खोलीसाठी जादा पैसे मोजणार असाल तर हे विचारूनच बाजू निवडा.

बंदरातून बाहेर पडताना मात्र डाव्या-उजव्याचा हिशेब वेगळा. मुंबई शहर उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला असते. संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे गेलेला असतो. गेटवे ऑफ इंडियाचा समुद्राकडचा भाग पूर्वेकडे असल्याने तोही सावलीत. मग फोटोत आकाश पांढरे आणि इमारती काळ्या येतात. त्या वेळी इमारतींचा तपशील टिपण्याचा हट्ट सोडा. आकाशावर बोट टेकवून उजेड कमी करा, शहराची काळी आकृती छान येते.

उजेडातली मुंबई हवी असेल तर परतीच्या दिवशी लवकर उठा. जहाज सूर्योदयानंतर बंदरात शिरत असेल तर पूर्वेचे कोवळे ऊन थेट शहरावर पडलेले असते. शहर तेव्हा डाव्या बाजूला असते. शेवटच्या सकाळी बहुतेक प्रवासी बॅगा भरण्यात गुंतलेले असतात आणि डेक रिकामा मिळतो.

फोनवरून चांगले फोटो : सात साधे नियम

१. आधी काच पुसा. समुद्रावरच्या वाऱ्यात खारट तुषार असतात. त्यांचा पातळ थर लेन्सवर बसतो आणि फोटो धुरकट येतो. मऊ कापड खिशात ठेवा.

२. एसीतून बाहेर आल्यावर थांबा. थंड फोन दमट हवेत आला की लेन्सवर बाष्प जमते. सूर्योदयाचा फोटो हवा असेल तर दहा मिनिटे आधी डेकवर या.

३. ग्रिड चालू करा. क्षितिज तिरके आले की समुद्र सांडतोय असे वाटते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील आडव्या-उभ्या रेषा यासाठीच असतात.

४. दुपारी माणसांना सावलीत उभे करा. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते आणि टोपीमुळे चेहरा दिसत नाही. डेकवरच्या छताच्या कडेला, बाहेर तोंड करून उभे केले तर चेहऱ्यावर मऊ उजेड येतो.

५. झूम करू नका, जवळ जा. दोन बोटांनी वाढवलेला फोटो बहुतेक फोनमध्ये फक्त ताणलेला असतो.

६. खोलीच्या काचेतून फोटो काढताना आतला दिवा आणि फ्लॅश बंद करा, फोन काचेला टेकवा. प्रतिबिंब येत नाही.

७. रात्री कठड्यावर फोन टेकवू नका. इंजिनाचे कंप कठड्यातून फोनपर्यंत येतात. कोपरे अंगाशी धरून, श्वास रोखून दोन-तीन फोटो काढा. कठड्याबाहेर हात काढून सेल्फी तर कधीच नको. फोनला गळ्यात घालायची दोरी लावा.

सेल्फीबाबत आणखी एक. सगळ्या फोटोंत जहाज मागे आणि चेहरे पुढे असतील तर सगळे फोटो सारखेच दिसतात. प्रत्येक ठिकाणी तीन फोटो घ्या : एक दुरून जागेचा, एक माणसांचा, एक जवळून एखाद्या छोट्या गोष्टीचा. पहिल्यांदा समुद्राकडे पाहणाऱ्या आईला 'इकडे बघ' म्हणू नका. ती पाहत असतानाच फोटो घ्या.

कशाचे फोटो काढायचे नाहीत?

बॅलार्ड पिअर आणि गेटवे यांच्यामध्ये नौदल गोदी आहे. गोव्यात दाभोळी येथे नौदलाचा हवाई तळ आहे आणि कोचीत नौदलाच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय. बंदरात शिरताना-निघताना युद्धनौका अगदी जवळून दिसतात आणि हात आपोआप फोनकडे जातो. तो आवरा. संरक्षण ठिकाणांच्या छायाचित्रणावर शासकीय गुपिते कायदा, १९२३ नुसार कारवाई होऊ शकते. सूचना फलक आणि सुरक्षा रक्षक सांगतील ते ऐका. ड्रोन घरीच ठेवा.

लक्षद्वीपमध्ये प्रवाळ हातात घेऊन फोटो काढण्याचा मोह होतो. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तोडणे किंवा सोबत आणणे गुन्हा ठरतो.

समुद्रात फोन चालतो का?

किनाऱ्यापासून काही किलोमीटर गेल्यावर नेटवर्क जाते. त्यानंतर जहाजावरचे उपग्रह नेटवर्क फोनने आपोआप पकडले तर रोमिंगचे बिल मोठे येऊ शकते. जहाज सुटताच फ्लाइट मोड चालू करा.

निघण्यापूर्वी फोनमधली जागा रिकामी करा. जास्त दर्जाचा एका मिनिटाचा व्हिडिओ काहीशे एमबी जागा घेतो. परतल्यावर फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवले तर त्यांचा दर्जा घसरतो. प्रिंट काढायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

सरावासाठी रामलिंग आहेच

समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटरहून दूर आहे. पण फोटोंचा सराव करायला समुद्र लागत नाही. क्रूझ बंद असतात त्याच पावसाळ्यात येडशीचा रामलिंग घाट हिरवा होतो आणि मंदिराजवळचा धबधबा वाहू लागतो. खाली दरीत सावली, वर पांढरे आकाश. संध्याकाळी डेकवरून शहर टिपताना हीच अडचण येते. पाण्याच्या तुषारांत लेन्स पुसायची सवय लागते. माकडे असल्याने फोन घट्ट धरायचीही.

हे अभयारण्य आहे, त्यामुळे वन विभागाचे नियम पाळा. डिसेंबर २०२४ मध्ये याच जंगलात ट्रॅप कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि येडशीचे नाव राज्यभर झाले. त्या फोटोमागे कुणी छायाचित्रकार उभा नव्हता. कॅमेरा योग्य जागी लावलेला होता आणि बाकी वेळेवर सोडले होते. बंदरावरच्या तीन तासांतही एवढेच करायचे असते. जागा आधी ठरवा, उजेड कुठून येणार ते पाहा आणि घाई करू नका.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- सर्व शुल्कांसह अंतिम रक्कम किती?
- प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागते, किती वाजता सुटते, कोणत्या वारी?
- जहाज धक्क्याला लागते की छोट्या बोटीने उतरावे लागते?
- बंदर रद्द झाल्यास परतावा मिळतो का?
- खोली कोणत्या बाजूला, कोणत्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यापासून किती दूर?
- रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे परत?

या सहा प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली की मग तिकीट काढा. ती मिळत नसतील तर बुकिंगची घाई नको.